आवाज त्याचा नव्हता

११ सप्टेंबर

ठोंब्या,

पोचल्याचं पत्र टाकायची पद्धत तुमच्या हवाई दलात आहे की नाही? आमच्याकडे आहे. तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि आत्याला एक ओळ नाही. कैदेत होतास तेव्हा निदान कारण तरी होतं.

बरं, रागावून झालं. आता ऐक. परवा तुझ्या पदकाचं सरकारी पत्र या पत्त्यावर आलं. शौर्यपदक! मी पोस्टमनला आत बसवून चहा पाजला आणि त्याच्यासमोरच रडले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं वाईट बातमी आहे. दादाने पत्र वाचलं, घडी केली, फळीवर ठेवलं आणि पुन्हा त्या उघड्या रेडिओत डोकं घातलं. "पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, जायचं ना?" म्हटलं, तर म्हणतो, "तुला जायचं तर जा." मी जन्मापासून त्याची बहीण आहे आणि मलाच तो अजून कळलेला नाही, तुला काय कळणार!

पण त्या दिवशी तू असं का केलंस रे? तुला तिकडे काहीच माहीत नव्हतं, म्हणून आता सगळं सांगते. तू पकडला गेल्याचं कळल्यापासून रोज संध्याकाळी गल्ली आपल्या दुकानात जमायची. शत्रूचं स्टेशन कैद्यांची नावं वाचून दाखवायचं, आणि ते धड लागायचं फक्त दादाच्या सेटवर. एकदा तुझं नाव आलं. मग कितीतरी दिवस काही नाही. आणि एका संध्याकाळी नावाऐवजी तूच बोलायला लागलास. आधी नाव, हुद्दा, आणि मग ते सगळं. हे युद्ध आमच्या सरकारने लादलं, आम्ही वस्त्यांवर बॉम्ब टाकले, मला त्याची लाज वाटते.

तुझं बोलणं संपायच्या आत दादा उभा राहिला. "हा माझा पोरगा नाही. नक्कल करतायत. उभा जन्म आवाज दुरुस्त करण्यात घालवला मी, मला कुणी शिकवू नका." आणि सेट बंद. पुढे जो विचारेल त्याला हेच. वर्तमानपत्रवाला आला, त्याला हेच. तुमचा एक अधिकारी चौकशीला आला, त्याला तर लिहून दिलं.

मग तू परत आलास. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. दादाने तुला दंडाला धरून दुकानात नेलं, न्हाव्यापासून शिंप्यापर्यंत सगळे उभे होते, आणि म्हणाला, "सांग रे यांना, तो तू नव्हतास." तू म्हणालास, "मीच होतो, बाबा."

झालं! एक "नाही" म्हटलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? आता दुकानात तुझं नाव निघालं की समोरचा न्हावी कात्री थांबवून गप्प होतो. बाकीचेही खाली बघतात. दादाला ते दिसतं. त्याच्या कानांवर त्याचं पोट आहे आणि त्याची अब्रूही.

तर माझं ऐक. बापाला दोन ओळी टाक. "त्या दिवशी थकलो होतो, काहीतरी बोलून गेलो, तो मी नव्हतो." एवढंच. मग तो पदकाच्या कार्यक्रमाला येतो की नाही बघ. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, म्हणून हक्काने मागतेय.

आत्या


२० सप्टेंबर

आत्या,

उशिराबद्दल कान पकडतो. वैद्यकीय तपासण्या चालू होत्या. खांदा पूर्वीसारखा वर जात नाही म्हणतात, म्हणून लढाऊ विमान बहुतेक बंदच. मालवाहू विमानं उडवू देतील. मला चालेल. नोकरीची सुरुवात तिथूनच झाली होती. पुराच्या वेळी आम्ही पिठाची पोती टाकायचो, आठवतं? मी घरी आलो की तू म्हणायचीस, पायलट झालाय की गिरणीवाला.

तुझं मागणं मला पुरं करता येणार नाही. रागावू नकोस. मीच वाचलं ते. कागद दिला, माईक समोर ठेवला, मी वाचला. परत आल्यावर आमची चौकशी झाली, तिथेही हेच सांगितलं. का वाचलंस विचारलं, तेव्हा म्हणालो, थकलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय मिटवला. दल वाईट नाही, कैदेतल्या माणसाचं वाचन ते फार मनावर घेत नाहीत. बरोबरचे कैदी घेतात. त्यांचाही दोष नाही. त्यांच्यातल्या काहींनी नखं गेली तरी वाचलं नव्हतं.

पदक कशाचं ते विचारशील. पुलावरचा हल्ला. आमच्या मागून येणाऱ्यांवर तोफा लागल्या होत्या, म्हणून मी विमान वळवून पुन्हा एकदा त्यांच्या तोंडासमोरून नेलं. बाकीचे सुटले. आम्हाला लागलं. मी मागे बसलेल्या लंबूला आधी उडी मारायला सांगितलं. इतकंच. ते सगळं एका चहाएवढ्या वेळात उरकलं, आणि त्याचं पदक मिळतंय. नंतरच्या दिवसांबद्दल कुणी काही देत नाही, आणि मला नकोही आहे.

लंबू परत आला, दोन्ही पायांवर चालतोय, हे मला पुरे आहे. तो माझ्याशी बोलत नाही. इस्पितळातून छावणीत आला, तेव्हा इतरांनी त्याला रेडिओचं सांगितलं. त्यानंतर सुटकेपर्यंत आम्ही एकाच बराकीत होतो आणि त्याने मला साधं "सरक" म्हटलं नाही. तू त्याला पत्रबित्र लिहायच्या भानगडीत पडू नकोस. मी तुला ओळखतो.

बाबांना सांग, मला त्यांचा राग नाही.

ठोंब्या


२६ सप्टेंबर

लंबू,

मी ठोंब्याची आत्या. सुट्टीत यायचास, दाराच्या चौकटीला डोकं आपटायचास आणि मलाच सॉरी म्हणायचास, ती. तुला लिहू नको अशी मला ताकीद आहे, म्हणजे लिहायलाच हवं.

तू आमच्या पोराशी बोलत नाहीस असं कळलं. तुझा राग असेल, तुझ्यापाशी. मी भांडायला आलेली नाही. मला एकच विचारायचंय. तुम्ही दोघं इतकी वर्षं एका विमानात बसलात. तो असं का वाचेल? मारलं असेल त्यांनी? मला सांग, मी खंबीर आहे. इथे त्याचा बाप म्हणतो तो आवाज त्याचा नाही, पोरगा म्हणतो माझाच, आणि बापलेकांमधलं सगळं तुटायला आलंय. महिन्यावर कार्यक्रम आलाय. एवढं मोठं पदक छातीवर लागणार आणि समोर बाप नसणार, हे मला बघवणार नाही.

खरं सांगू? मलाही तो आवाज त्याचा वाटला नव्हता. आमचा ठोंब्या बोलतो कसा? एका वाक्यात तीनदा हसतो. हा आवाज सपाट. ना वर, ना खाली. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा, जणू पलीकडून कुणी काही म्हणायची वाट बघतोय, मग पुढचं वाक्य. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. नऊ डिसेंबर. शेजारणीला मुलगी झाली त्याच दिवशी, आणि मी पाळण्यात बघायला सुद्धा गेले नाही.

तुझा पाय कसा आहे? पेपरात वाचलं, तू शाळेशाळेतून भाषणं देतोस आणि शत्रूच्या त्या भल्या डॉक्टरची गोष्ट सांगतोस, कापायचा पाय त्याने कसा वाचवला ती. देव त्याचं भलं करो.

आत्या


३० सप्टेंबर

आत्या,

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून परत वाचलं. तारीख नक्की नऊच ना? शेजारणीला पुन्हा विचारा, तिच्या मुलीच्या जन्माची तारीख ती चुकणार नाही. पण मला वाटतं तुम्हीही चुकलेल्या नाही.

मी खाली पडलो तेव्हा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि जखम चिघळली होती. मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, ठोंब्या पलीकडे कुठेतरी. आठ डिसेंबरला त्यांचा डॉक्टर आला, वास घेतला आणि म्हणाला, गुडघ्यावरून काढावा लागेल, इथे औषध नाही. मी ओरडलो ते ठोंब्याला भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. दहा तारखेला सकाळी गाडी आली. पांढऱ्या चादरी असलेलं इस्पितळ, मोठा सर्जन, रोज इंजेक्शन. मी विचारलं, एकदम ही मेहरबानी कशी? तो म्हणाला, तुमचं नशीब. मी मानलं. कैद्याला नशीब मानायला आवडतं.

आत्या, एक गोष्ट सांगतो, ती आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. विमानात तो पुढे आणि मी मागे. उड्डाणात मला त्याचं तोंड कधी दिसायचं नाही. सगळा तो माझ्या कानात. टॉवरवरून सूचना आली की पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. पटली म्हणून नाही. तुमचे शब्द मला मिळाले, एवढंच सांगायला. आणि म्हटल्यावर थांबायचं, पलीकडचा "बरोबर" म्हणेपर्यंत. त्या कामासाठी ठोंब्याचा एक वेगळा आवाज होता. सपाट. ना वर, ना खाली. मी त्याला चिडवायचो, की पोटात दुखतंय का रे? त्याच्या घरच्यांनी तो आवाज ऐकायचा प्रश्नच नव्हता.

मी रेडिओवरचा तो कार्यक्रम ऐकला असता, तर पहिल्या वाक्याला ओळखलं असतं की हा त्यांचे शब्द त्यांना परत देतोय, स्वतःचं काही बोलत नाहीये. पण मी तेव्हा पांढऱ्या चादरीवर झोपलो होतो. आणि छावणीत आल्यावर मला इतरांनी सांगितलं, ते मी मान्य केलं.

भल्या डॉक्टरची गोष्ट मी बावीस शाळांत सांगितली आहे.

परवा दुपारच्या गाडीने त्याच्याकडे निघतोय. आणि तिथून तुमच्या दुकानात.

लंबू


४ ऑक्टोबर

आत्या,

नको म्हटलं होतं ना?

लंबू काल आला. मेसच्या दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, "चौकट उंच आहे, ये." तर तो एवढा उंच माणूस खांबाला धरून रडायला लागला. जे होऊ नये म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसलो, ते तू एका पत्रात केलंस.

का सांगितलं नाही म्हणून तोही विचारत होता. अगं, त्याला चालायचंय आयुष्यभर. प्रत्येक पाऊल टाकताना त्याला आठवायला नको की हे कुणी कशाच्या बदल्यात मिळवून दिलं. मी त्यांच्या माणसाला म्हटलं, पाय वाचवा, मी वाचतो. सौदा झाला. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा वाचेन. पण ते वाचणं माझ्याकडे राहू दे, त्याच्याकडे नको. त्याचं मौन मी सहज सोसलं असं नाही. पलीकडच्या खाटेवर तो असायचा आणि मी छताकडे बघत पडायचो, फार एकटं वाटायचं. पण त्याला दोन्ही पाय हलवताना बघत होतो ना.

आता तुझ्याकडून एक वचन हवं. बाबांना यातलं काही सांगू नकोस. पायाची गोष्ट कळली तर ते मला माफ करतील, आणि मला पायाच्या बदल्यात माफी नकोय. समजा पाय वाचला नसता तर? डॉक्टरने शब्द पाळला नसता तर मी काय वाईट मुलगा ठरलो असतो? त्यांना मी तसाच चालत असेन तर यावं. नाहीतर पदक काय, पोस्टानेही येतं.

ठोंब्या

ता.क. लंबू तिकडे यायचं म्हणतोय. त्याला थांबव.


७ ऑक्टोबर

ठोंब्या,

थांबव काय थांबव! तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तो दुकानात बसलेला होता.

मी आतून ऐकलं. दोनच गिऱ्हाइकं होती. लंबूने चौकटीला डोकं आपटलं, सवयीने सॉरी म्हणाला, आणि दादासमोरच्या स्टुलावर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पाहवत नाही रे तो पाय, पण पाय आहे. मग सगळं बोलला. तुझ्या त्या परत म्हणून दाखवायच्या आवाजाचंही. दादाच्या हातात तापलेली सोल्डरिंगची काडी होती, ती त्याने खालीसुद्धा ठेवली नाही. शेवटी लंबू म्हणाला, "काका, तुमचे कान चुकले नाहीत. तो आवाज तुम्ही घरी कधी ऐकलाच नव्हता."

मला वाटलं, सुटलो! याहून चांगली वाट कोण काढून देणार? बापाची अब्रू राहिली, पोराचीही राहिली. पण दादा लंबूला गाडीपर्यंत सोडून आला, भर दुपारी शटर ओढलं आणि आत बसून राहिला. मी दार वाजवलं तर म्हणाला, "काम आहे." दोन दिवस झाले. जेवतो, झोपतो, पण माझ्याशी बोलत नाही. मला भीती वाटतेय. तुझं ऐकायला हवं होतं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, आणि हे वाक्य पुन्हा मिळणार नाही.

मी एकटी येईन कार्यक्रमाला. पुढे बसेन. मोठ्याने टाळ्या वाजवेन.

आत्या


९ ऑक्टोबर

चिरंजीव,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, ती तुझी आत्या लिहिते. जमेल तसं लिहितो.

तुझा मित्र येऊन गेला. चांगला मुलगा आहे. मला वाचवायला त्याने सांगितलं की माझे कान चुकले नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला वाटतं त्या अर्थाने नाही.

मी तुला ओळखलं होतं. नाव सांगायच्या आधी तू श्वास घेतलास, तेव्हाच. सपाट बोल, उलटा बोल, त्या खरखरीतून बोल, बापाला पोराचा श्वास कळत नाही होय? मी ओळखलं आणि मला कळलं की या आवाजात माझा मुलगा नाही. मला वाटलं त्यांनी तुला आतून संपवलं. दुकानात सगळे बसले होते. मी "हो, माझाच" म्हणालो असतो तर तिथेच कोसळलो असतो. आणि उद्या तू आलास तर कुणी तुझ्याकडे बोट दाखवू नये, हेही मनात होतं. म्हणून उभा राहिलो आणि खोटं बोललो. पुढे तेच बोलत राहिलो. अधिकाऱ्याला लिहून दिलं. वाटायचं, कुणाला काय कळतंय. हा रेडिओवाला म्हणतो म्हणजे खरं असेल.

तू आलास आणि सगळ्यांसमोर "मीच" म्हणालास. तुझी आत्या समजते की माझी अब्रू गेली म्हणून मी रागावलो. तसं नाही. मी तुझ्यासाठी इतके महिने एक खोटं जपलं आणि तुला ते लागलंच नाही, याचा राग आला. वाईट वाटलं म्हण. तुझ्यासाठी तेवढंच करता आलं होतं मला.

तुझं लंबूच्या पायाचं पत्रही आत्याने मला दाखवलं. तिला वचन मागू नये हे तुला अजून कळलं नाही. पायाच्या बदल्यात माफी नको म्हणतोस. तुला माफ करायला मी बसलोच नव्हतो रे.

आता मुख्य गोष्ट. काल मी दुकान उघडलं आणि सगळ्यांना बोलावलं. न्हावी, शिंपी, दूधवाला, बाकीचे. म्हटलं, मला एक सांगायचंय. तो आवाज माझ्याच पोराचा होता. मी खोटं बोललो. का, ते विचारू नका.

न्हावी म्हणाला, "काका, ओळखला होता आम्ही. शाळेत जाताना रोज हाक मारून जायचा तो. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आम्हीही नाही म्हटलं." शिंपी म्हणाला, "माझ्या बायकोने तर गावात सगळीकडे सांगितलं, नक्कल आहे म्हणून." तुझं नाव निघालं की ते गप्प का व्हायचे ते मला काल कळलं. माझ्यासमोर चुकून खरं बोलून जाऊ, याची त्यांना धास्ती होती.

न्हाव्यानेच मला स्टुलावर बसवलं.

मी कार्यक्रमाला येतोय. आत्या येतेय. न्हावी आणि शिंपी दुकानं बंद ठेवून येतो म्हणतात, दूधवाला सकाळचं दूध लवकर घालणार आहे, शेजारीण मुलीला घेऊन निघणार आहे, आणि आणखी बरेच जण विचारून गेले. किती जणांना आत सोडतात ते लगेच कळव.

बाबा